दोन टोब्लरोन आणि पाच ‘आदर्श’ देश

१९९५ सालची गोष्ट. मोना सालिन तेव्हा स्वीडनच्या उपपंतप्रधान होत्या आणि पुढच्या पंतप्रधान त्याच, हे जवळजवळ ठरलेलं होतं. तेवढ्यात एका वर्तमानपत्राने त्यांच्या सरकारी कार्डाचा हिशेब छापला. त्या कार्डावर त्यांनी काही खासगी खरेदी केली होती आणि त्या यादीत दोन टोब्लरोन चॉकलेटंही होती. बरेचसे पैसे त्यांनी आधीच परत भरले होते. पुढे खटलाही उभा राहिला नाही. पण तोवर त्यांनी पंतप्रधानपदाच्या शर्यतीतून माघार घेतली होती आणि मंत्रिपदही सोडलं होतं. स्वीडनमध्ये हे सगळं आजही ‘टोब्लरोन प्रकरण’ म्हणूनच ओळखलं जातं.

मला यात चॉकलेटपेक्षा हिशेबाचं अप्रूप जास्त आहे. उपपंतप्रधानांच्या पावत्या पत्रकारांच्या हाती लागू शकतात, कारण स्वीडनने १७६६ सालीच वृत्तपत्रस्वातंत्र्याचा कायदा केला. असा कायदा करणारा तो जगातला पहिला देश. सरकारी कागद मुळात जनतेचा. तो झाकून ठेवायचा असेल तर कारण सरकारने द्यायचं, हा त्यातला गाभा. हा कायदा घडवण्यात मोठा वाटा होता आंदेर्स खुदेनियुस या पाद्र्याचा. तो राहायचा आजच्या फिनलंडमध्ये, जो तेव्हा स्वीडनचाच भाग होता. १८०९ मध्ये स्वीडनने सरकारविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र ‘ओम्बुड्समन’चं पद निर्माण केलं. जगभरच्या लोकपालांचं मूळ तिथे आहे.

नॉर्वे आणखी पुढे गेला. तिथे दर वर्षी करदात्यांचं उत्पन्न, संपत्ती आणि भरलेला कर यांची यादी जाहीर होते. एके काळी शेजाऱ्याची कमाई, मेहुण्याची मालमत्ता, जुन्या वर्गमित्राचं उत्पन्न कुणीही गुपचूप बघून घ्यायचं. २०१४ पासून नियम बदलला: तुमची माहिती कुणी काढली, ते तुम्हालाही कळतं. त्याबरोबर शोधणाऱ्यांची संख्या धाडकन घसरली. यादी मात्र आजही खुली आहे.

तर प्रश्न असा: डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि त्यांच्या पंगतीतले फिनलंड आणि आइसलँड या पाच देशांना ‘आदर्श समाज’ म्हणायची जगाला सवय लागली आहे. ती पदवी त्यांना शोभते का? काही गोष्टी ऐकून थक्क व्हायला होतं, काही ऐकून मान खाली जाते. दोन्ही सांगते.

आधी एक खुलासा. काटेकोरपणे बोलायचं तर स्कँडिनेव्हिया म्हणजे डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन हे तीनच. फिनलंड आणि आइसलँड धरले की ‘नॉर्डिक’ म्हणायचं. जग मात्र पाचही देश एकाच टोपलीत टाकतं.

आणि ही कीर्ती काही आजकालची नाही. मार्क्विस चाइल्ड्स नावाच्या अमेरिकन पत्रकाराने १९३६ मध्ये स्वीडनवर एक पुस्तक लिहिलं: भांडवलशाही आणि साम्यवाद यांच्या मधली वाट या देशाला सापडली आहे, असा त्याचा सूर. पुस्तक इतकं गाजलं की अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्याच वर्षी युरोपातल्या सहकारी संस्था बघायला एक समिती पाठवली. तेव्हापासून आजतागायत कुणी ना कुणी शिष्टमंडळ उत्तरेला निघालेलंच असतं.

सगळ्यात आनंदी? प्रश्न तर बघा

जागतिक आनंद अहवालात फिनलंड २०१८ पासून सलग पहिला येत होता. २०२५ चा धरला तर ओळीने आठ वेळा. बातमीत हसरे चेहरे, बर्फ आणि सौनाची छायाचित्रं असतात. (५५ लाखांच्या त्या देशात तीसेक लाख सौना आहेत, संसदेतही एक आहे.) पण लोकांना ‘तुम्ही आनंदी आहात का’ असं विचारलेलंच नसतं. प्रश्न असतो शिडीचा. तळाची पायरी शून्य, म्हणजे तुम्हाला कल्पना करता येईल तितकं वाईट आयुष्य. सर्वात वरची दहा, म्हणजे सर्वात चांगलं. तुम्ही आज कितव्या पायरीवर उभे आहात? फिनिश माणूस साधारण पावणेआठ म्हणतो. हे समाधानाचं मोजमाप झालं. आजारी पडलो, नोकरी गेली, म्हातारपण आलं तरी उघड्यावर पडणार नाही, हा भरवसा त्यातून बोलतो. सदोदित हसण्याखिदळण्याशी त्याचा फारसा संबंध नाही. आइसलँड याच यादीत पहिल्या पाचात असतो आणि नैराश्यावरच्या गोळ्यांच्या दरडोई वापरातही श्रीमंत देशांत सर्वात वर असतो.

याच्या उलटी दंतकथाही तितकीच जुनी. १९६० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर एका भाषणात स्वीडनकडे बोट दाखवून म्हणाले, की अति कल्याणकारी राज्यामुळे तिथे आत्महत्या वाढल्या. स्वीडिश लोक दुखावले. नंतर आयझेनहॉवर यांनी दिलगिरीही व्यक्त केली. या बाबतीत खरी चिंता होती फिनलंडला. १९९० या एका वर्षात तिथे १५०० हून अधिक लोकांनी जीव दिला. एवढ्याशा देशासाठी हा आकडा भयंकर होता. त्यांनी तो लपवला नाही. १९८६ पासूनच देशव्यापी मोहीम हाती घेतली होती: प्रत्येक मृत्यूमागची कहाणी तपासायची आणि डॉक्टर, शिक्षक, लष्कर, पाद्री यांना त्यातून शिकवायचं. आज तो आकडा तेव्हाच्या निम्म्याच्या आसपास आहे. मला विचाराल तर फिनलंडचं खरं बक्षीस हे आहे, शिडीवरचा पहिला नंबर नव्हे.

हरवलेलं पाकीट

२०१३ मध्ये ‘रीडर्स डायजेस्ट’ने जगातल्या १६ शहरांत प्रत्येकी १२ पाकिटं मुद्दाम ‘हरवली’. आत थोडे पैसे, एक फोटो आणि फोन नंबर. हेलसिंकीत १२ पैकी ११ परत आली. पहिला नंबर. आणि दुसरा? आपली मुंबई, १२ पैकी ९! न्यूयॉर्कमध्ये ८ आली, लिस्बनमध्ये फक्त १. एवढ्याशा चाचणीवरून निष्कर्ष काढू नयेत हे खरं, पण मुंबईकराने हे लक्षात ठेवायला हरकत नाही. पुढे २०१९ मध्ये ४० देशांत १७ हजारांहून अधिक पाकिटांचा शास्त्रशुद्ध प्रयोग झाला. त्यातही नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन वरच्या रांगेत होते.

मग डेन्मार्क भ्रष्टाचारमुक्तीच्या यादीत वर्षानुवर्षं अव्वल असतो, यात नवल नाही. पण त्याच डेन्मार्कच्या सर्वात मोठ्या बँकेच्या, डान्स्के बँकेच्या, एस्टोनियातल्या शाखेतून २००७ ते २०१५ या काळात सुमारे २०० अब्ज युरोंचा संशयास्पद पैसा वाहून गेला. २०२२ मध्ये बँकेने अमेरिकेत गुन्हा कबूल केला. रस्त्यावरचं पाकीट परत करणारा देश आणि परक्यांच्या काळ्या पैशाला वाट देणारी बँक, दोघांचा पत्ता एकच होता.

समाजवाद? जरा थांबा

या देशांविषयी सर्वात मोठा गैरसमज हाच. इथे सगळं सरकारचं, श्रीमंतांना पिळून गरिबांना वाटतात, असं दोन्ही बाजूंचे लोक मानतात. एक बाजू कौतुकाने, दुसरी धसक्याने.

स्वीडनने तो प्रयोग केला होता, हे खरं. १९७६ मध्ये ‘पिप्पी लाँगस्टॉकिंग’ची लेखिका आस्त्रिद लिंडग्रेन यांच्या लक्षात आलं, की आपल्या वरच्या कमाईवरचा कर १०२ टक्के झाला आहे. शंभर कमवा, एकशे दोन भरा. त्यांनी कुणावर आगपाखड केली नाही. एक परीकथा लिहून वर्तमानपत्रात छापली. तिच्यात एक लेखिका असते आणि एक विचित्र देश असतो. अर्थमंत्री आधी म्हणाले, बाईंना गोष्टी सांगता येतात, हिशेब येत नाही. पण हिशेब बाईंचाच बरोबर निघाला! त्याच वर्षीच्या निवडणुकीत चार दशकं सत्तेवर असलेला सोशल डेमोक्रॅटिक पक्ष हरला. सगळं श्रेय परीकथेला देता येणार नाही, पण तिचा वाटा होता हे स्वीडिश लोक मान्य करतात. आणि लिंडग्रेन स्वतः त्याच पक्षाच्या जुन्या पाठीराख्या होत्या.

आज काय आहे? स्वीडनमध्ये वारसा कर नाही. तो रद्द केला २००४ च्या अखेरीस, तोही सोशल डेमोक्रॅट सरकारनेच. रद्द होण्याची तारीख १ जानेवारी २००५ होती. पण २६ डिसेंबरच्या त्सुनामीत सुट्टीवर गेलेले ५४३ स्वीडिश नागरिक मृत्युमुखी पडले, तेव्हा संसदेने तारीख १७ डिसेंबरपर्यंत मागे नेली, म्हणजे त्या कुटुंबांना कर पडू नये. संपत्ती करही २००७ मध्ये गेला. परिणामी दरडोई अब्जाधीशांच्या संख्येत स्वीडन जगात पुढच्या रांगेत आहे. पगारातली दरी कमी, मालमत्तेतली दरी भलीमोठी. करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या खासगी शाळा तिथे नफासुद्धा वाटू शकतात. शिष्टमंडळं हे बघून येत नाहीत.

आणि कर फक्त श्रीमंतांवर नाही. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे या तिन्ही देशांत मूल्यवर्धित कराचा मुख्य दर २५ टक्के; फिनलंडने २०२४ मध्ये तो २५.५ केला. डेन्मार्कमध्ये दूध-पावावरही तेवढाच. कल्याणकारी राज्याचा खर्च सामान्य माणूसच भरतो आणि त्याला तो दवाखान्यात, पाळणाघरात, विद्यापीठात परत मिळतो. म्हणून तर तो भरतो.

आता सगळ्यात मजेशीर भाग. या पाचही देशांत कायद्याने ठरवलेलं सर्वसाधारण किमान वेतन नाही! पगार ठरतात कामगार संघटना आणि मालक यांच्या करारांतून. मॅकडोनल्ड्स डेन्मार्कमध्ये आली तेव्हा करार करायला तयार नव्हती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस इतर संघटना मदतीला धावल्या, पुरवठा अडवायला लागल्या, आणि कंपनीने सही केली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये स्वीडनमध्ये टेस्लाच्या मेकॅनिकांनी याच कारणासाठी संप सुरू केला. गोदी कामगारांनी टेस्लाच्या गाड्या उतरवायला नकार दिला, टपालवाल्यांनी नव्या गाड्यांच्या नंबर प्लेट पोहोचवायला नकार दिला. दुसऱ्याच्या संपासाठी आपलं काम थांबवायची तिथे कायद्याने मुभा आहे. कंपनी ताठ राहिली, संघटनाही. दोन वर्षं उलटून गेली तरी संप चालूच होता. किमान वेतनाचा कायदा नसलेल्या देशात कामगार सुरक्षित का आहे, याचं उत्तर त्या न पोहोचलेल्या नंबर प्लेटांत आहे.

 

बसराचा माणूस आणि नॉर्वेचं तेल

फारूक अल-कासिम हे इराकी भूगर्भशास्त्रज्ञ. बायको नॉर्वेजियन, धाकट्या मुलाला सेरेब्रल पाल्सी. मुलाच्या उपचारासाठी १९६८ मध्ये बसरातली चांगली नोकरी सोडून हे कुटुंब नॉर्वेला आलं. ऑस्लोत पुढच्या गाडीला बरेच तास होते, म्हणून फारूक उद्योग खात्यात शिरले: इथे तेल शोधणाऱ्या कंपन्यांची यादी मिळेल का? खात्यात तेलातलं कळणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांनी यादी देण्याऐवजी फारूकनाच कामावर घेतलं.

१९६९ च्या अखेरीस एकोफिस्कचा प्रचंड साठा सापडला. तेलामुळे देश कसे नासतात, हे फारूक यांनी जवळून पाहिलं होतं. नॉर्वेची तेलाची घडी बसवण्यात त्यांचा मोठा हात आहे: सरकारी कंपनी, तिच्यापासून वेगळी नियामक संस्था, आणि साठ्यातला थेंबन् थेंब काढण्याचा आग्रह. १९९० मध्ये तेल निधीचा कायदा झाला, १९९६ मध्ये पहिली रक्कम जमा झाली. आज हा निधी जगातल्या सगळ्या नोंदणीकृत कंपन्यांच्या शेअरपैकी सुमारे दीड टक्क्याचा मालक आहे, भारतीय कंपन्याही त्यात आल्या. नॉर्वेच्या लोकांत वाटून पाहिला तर प्रत्येकी अडीच कोटी रुपयांहून अधिक येतात. पण वाटत नाहीत. वर्षाला साधारण ३ टक्केच खर्च करायचे, मूळ गाठोडं पुढच्या पिढ्यांचं.

याच्या प्रेमात न पडणं अवघड आहे. पण पुढचंही ऐका. २०२४ मध्ये नॉर्वेत विकल्या गेलेल्या दर १० नव्या गाड्यांपैकी जवळपास ९ विजेवर चालणाऱ्या होत्या. आणि त्याच वर्षी नॉर्वे तेल आणि वायू काढून जगाला विकत होता, आजही विकतो. घरचा धूर कमी केला, पण विकलेल्या तेलाचा धूर इतरांच्या खाती पडतो. ही विसंगती नॉर्वेने अजून सोडवलेली नाही आणि ती गोड मानून घ्यायचं कारण नाही.

बायका संपावर गेल्या

फिनलंडने १९०६ मध्ये, रशियन झारच्या अमलाखाली असतानाच, स्त्रियांना मताचा आणि निवडणूक लढवण्याचाही हक्क दिला. पुढच्याच वर्षी १९ स्त्रिया संसदेत पोहोचल्या. जगातल्या पहिल्या महिला खासदार त्या.

आइसलँडची गोष्ट तर नाटकात शोभावी अशी. २४ ऑक्टोबर १९७५. देशातल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांनी त्या दिवशी काम बंद ठेवलं. कचेरीतलं, कारखान्यातलं आणि घरातलंही. बाप मुलांना घेऊन कामावर गेले, दुकानांतले झटपट शिजणारे सॉसेज संपले, शाळा-दुकानं बंद पडली. पाच वर्षांनी, १९८० मध्ये, विग्दिस फिनबोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष झाल्या. लोकांनी निवडून दिलेल्या जगातल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष, शिवाय घटस्फोटित आणि एकट्याने मुलगी वाढवणाऱ्या. २०२३ मध्ये त्याच तारखेला पुन्हा संप झाला, तेव्हा पंतप्रधान काट्रिन याकब्सदोत्तिर स्वतः त्यात सामील झाल्या.

आणि तरीही हा आकडा वाचा. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने ४२ हजार स्त्रियांशी बोलून २०१४ मध्ये अहवाल काढला. वयाच्या पंधराव्या वर्षानंतर शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रिया: संघात सरासरी ३३ टक्के, स्वीडनमध्ये ४६, फिनलंडमध्ये ४७, डेन्मार्कमध्ये ५२. यादीत हे तिघे सर्वात वर. तिथल्या स्त्रिया मोकळेपणाने सांगतात म्हणून आकडा मोठा दिसतो, असं काही अभ्यासक म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण सगळं उत्तर त्यात नाही. संसदेतल्या खुर्च्या निम्म्या वाटल्या म्हणून घराच्या भिंतीआडचं आपोआप बदलत नाही.

मूल कुणाचं?

मुलांवर हात उगारायला घरातही बंदी घालणारा जगातला पहिला देश स्वीडन, १९७९. याही मागे आस्त्रिद लिंडग्रेन होत्याच. आदल्या वर्षी जर्मनीत पुरस्कार घेताना त्यांनी मुलांवरच्या हिंसेविरुद्ध भाषण केलं होतं. कायदा झाला आणि त्याची माहिती दुधाच्या खोक्यांवर छापली गेली, म्हणजे न्याहारीच्या टेबलावर आई-बाप आणि मुलं एकत्रच वाचतील! शिवाय आईची बाळंतपणाची रजा १९७४ मध्येच ‘पालकांची’ रजा झाली होती. आता प्रत्येक मुलामागे ४८० दिवस, त्यातले ९० बापासाठी राखीव. त्याने घेतले नाहीत तर ते बुडाले.

डेन्मार्कमध्ये तान्ही बाळं बाबागाडीत, घराबाहेर, थंडीतही झोपवतात. आई आत कॅफेत. १९९७ मध्ये एका डॅनिश आईने न्यूयॉर्कमध्ये हेच केलं. पोलिसांनी तिला अटक केली आणि बाळ चार दिवस सरकारी ताब्यात गेलं.

नॉर्वेत नेमकं याच्या उलट घडलं, आणि ते आपल्याकडे चांगलंच गाजलं. २०११ मध्ये स्टाव्हांगरमध्ये राहणाऱ्या एका बंगाली जोडप्याची दोन मुलं तिथल्या बालकल्याण खात्याने काढून घेतली. दिल्लीने मध्यस्थी केली, मुलं भारतात काकांकडे आली आणि अखेर २०१३ मध्ये आईला मिळाली. राणी मुखर्जीचा सिनेमा यावरूनच आला. हा केवळ दोन संस्कृतींतला गैरसमज होता, असं म्हणून सोडून देता येत नाही. कारण नॉर्वेच्याच कुटुंबांनी युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली आणि २०१९ पासून त्या न्यायालयाने नॉर्वेला अनेक प्रकरणांत दोषी ठरवलं. मुलाची काळजी घेणाऱ्या सरकारला आपण चुकू शकतो याचा विसर पडला, की घरं मोडतात.

‘आपली माणसं’ कोण?

गुन्नार आणि अल्वा मिर्दाल हे जोडपं स्वीडिश कल्याणकारी राज्याचं शिल्पकार. दोघांनाही नोबेल मिळालं, गुन्नार यांना अर्थशास्त्राचं आणि अल्वा यांना शांततेचं. भारताशीही जवळचं नातं: अल्वा १९५० च्या दशकात दिल्लीत स्वीडनच्या राजदूत होत्या आणि गुन्नार यांचा ‘एशियन ड्रामा’ हा ग्रंथ आपल्याकडच्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. १९३४ मध्ये दोघांनी घटत्या जन्मदरावर पुस्तक लिहिलं. पाळणाघरं, घरं, आईंना मदत, सगळं त्यात होतं. आणि ‘अपात्र’ ठरवलेल्यांच्या नसबंदीला पाठिंबाही होता.

त्याच वर्षी तसा कायदा झाला. १९७५ पर्यंत सुमारे ६३ हजार जणांची नसबंदी झाली. त्यातल्या ९० टक्क्यांहून अधिक स्त्रिया. सगळ्यांवर बळजबरी नव्हती, पण हजारोंना मदत हवी तर सही करा, सुटका हवी तर सही करा, असं सांगितलं गेलं. १९९७ मध्ये एका पत्रकाराने हे देशासमोर मांडलं आणि १९९९ मध्ये सरकारने पीडितांना प्रत्येकी १ लाख ७५ हजार क्रोनर भरपाई ठरवली.

डेन्मार्कने १९५१ मध्ये ग्रीनलंडमधली २२ मुलं ‘डॅनिश घडवण्यासाठी’ आई-बापांपासून उचलून नेली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या सुमारे साडेचार हजार मुली आणि स्त्रियांना गर्भनिरोधक तांबी बसवली; अनेकींना विचारलंही नाही, काही तर शाळकरी होत्या. पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी पहिल्याबद्दल २०२० मध्ये माफी मागितली, दुसऱ्याबद्दल २०२५ मध्ये. नॉर्वेत फोसेनच्या पवनचक्क्यांनी रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांच्या हक्कांचा भंग केला, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०२१ चा. पाती फिरतच राहिली. आंदोलनं झाली, मग भरपाई आणि नव्या कुरणांच्या बोलीवर तडजोड झाली.

नव्याने आलेल्यांचं काय? डेन्मार्कच्या २०१६ च्या कायद्याप्रमाणे आश्रय मागायला आलेल्याकडची १० हजार क्रोनरवरची रोकड आणि मौल्यवान वस्तू सरकार ठेवून घेऊ शकतं. २०१८ पासून, ‘बिगर-पाश्चात्त्य’ रहिवाशांचं प्रमाण हाही एक निकष लावून, काही वस्त्या वेगळ्या काढल्या आणि तिथल्या एक वर्षाच्या बाळालाही आठवड्याला २५ तास पाळणाघर सक्तीचं केलं. स्वीडनने २०१५ मध्ये १ लाख ६३ हजार आश्रयअर्ज घेतले, मन मोठं केलं. पण आलेल्यांना शहरांच्या कडेच्या वस्त्यांत ढकललं. आज टोळीयुद्ध ही स्वीडनची सर्वात मोठी डोकेदुखी आहे. २०२२ मध्ये गोळीबारात ६२ जण मेले. टोळ्या १५ वर्षांखालच्या मुलांना हाताशी धरतात, कारण त्या वयाला तिथे तुरुंग नाही.

या देशांची माया खरी आहे. पण ‘आपल्या’ माणसाची व्याख्या जिथे आखडते तिथे तीही आखडते. माझा मुख्य आक्षेप हाच.

झरझर

तीन बिंदूंवर बांधायचा सीटबेल्ट १९५९ मध्ये व्होल्वोच्या नील्स बोलिन यांनी काढला; कंपनीने पेटंट सगळ्यांना खुलं केलं.

गाड्या उजवीकडून चालवायच्या का, यावर १९५५ मध्ये स्वीडनने कौल घेतला. सुमारे ८३ टक्के लोक ‘नको’ म्हणाले. सरकारने ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे सगळा देश उजवीकडे नेलाच.

आइसलँडमध्ये १ मार्च १९८९ पर्यंत बिअरवर बंदी होती.

फिनलंडच्या शाळा ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत २००६ मध्ये गणितात ५४८ गुणांवर होत्या, २०२२ मध्ये ४८४ वर आल्या. अजूनही सरासरीच्या वर, पण घसरण मोठी. ‘फिनलंड पॅटर्न’ विकणाऱ्यांना हा आकडा जरूर विचारा.

बेघराला आधी घर द्या, व्यसनाचं आणि कर्जाचं मग बघू, हे धोरण फिनलंडने २००८ पासून राबवलं. बेघर वर्षानुवर्षं घटत २०२३ मध्ये साडेतीन हजारांच्या आत आले. मग मदतीत कपात झाली आणि २०२४ मध्ये आकडा पुन्हा चढला.

हेलसिंकी, १९५२

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते. या देशांचं नाव काढलं की आपल्याकडे ठरलेलं उत्तर येतं: ‘त्यांचं काय, पैसा आहे, लोकसंख्या कमी आहे.’ लोकसंख्येचं मान्य. पैशाचं तपासू.

साताऱ्याच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत कांस्यपदक जिंकले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, ते हेलसिंकीत, १९५२ च्या जुलैमध्ये. ते ज्या देशात उतरले होते तो हरलेला देश होता. सोव्हिएत संघाला ३० कोटी डॉलरची युद्धभरपाई तो जहाजं, यंत्रं, लाकूड यांच्या रूपाने फेडत होता. शेवटचा हप्ता त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेला. जेमतेम ४० लाखांच्या देशाने गमावलेल्या मुलखातून आलेल्या चार लाखांहून अधिक निर्वासितांना घरं-शेतं दिली होती.

आणि त्या देशातल्या शाळेत प्रत्येक मुलाला रोज फुकट गरम जेवण मिळत होतं. कायदा १९४३ चा, भर युद्धातला. अंमल १९४८ पासून, जगात सर्वांत आधी. ताटात लापशी नाहीतर सूप असायचं. दूध आणि पाव मुलांनी घरून आणायचा, शाळेच्या स्वयंपाकघरासाठी जंगलातून बेरी वेचून आणायच्या. बाळंतिणीला सरकारकडून कपड्यांनी भरलेलं खोकं, ज्यात बाळ निजवताही येतं, ते त्याहून जुनं: १९३८ पासून गरीब मातांना, १९४९ पासून सगळ्यांना. अट एकच, गरोदरपणात वेळेवर तपासणीला यायचं.

पाचही देशांना सरसकट ‘आदर्श’ म्हणायला मी तयार नाही. सामी, ग्रीनलंडची माणसं आणि शहरांच्या कडेला राहणारी मुलं त्या शब्दाच्या बाहेर राहतात. पण उघडा हिशेब, शाळेतलं ताट, बाळाचं खोकं आणि बापाचे ९० दिवस, एवढ्यांना माझं मत निःशंक आहे. तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं, की आधी श्रीमंत होऊ आणि मग बघू, तर त्यांना फिनलंडचं १९४८ साल सांगा.